वरच्या दगडाळ ओळी

सरकारी शेताची जमीन घराघरांत वाटली गेली, त्या वर्षी रिज्वानगुल आणि तिचा थोरला दीर होशूर यांच्या वाट्याला मिळून गावामागचा दगडाळ उतार आला. तिचा नवरा वारला होता, त्यामुळे शब्द होशूरचा चालायचा. त्याला तिथे जर्दाळू लावायची होती. रिज्वानगुलला हवी होती द्राक्षं, तीही वाइनची.

मी त्यांची शेजारीण; रिज्वानगुल मला आचा, म्हणजे ताई म्हणे. दोघांच्या अंगणांमधली भिंत कमरेएवढी, तेव्हा भांडण ऐकायला मला कान लावावा लागत नसे.

होशूरने दारू सोडून नमाज धरला होता, पण वाइनला त्याचा विरोध त्यापायी नव्हता. तो म्हणायचा, द्राक्षंच लावायची तर बोटांसारखी लांब, गोड, खाण्याची लाव. बाजारात टोपली खाली ठेवायचा अवकाश, लोक उचलतात. गावातही सगळ्यांचं हेच मत. आमच्याकडे ज्याचं द्राक्ष जास्त गोड तो मोठा बागवाला.

रिज्वानगुलने सरकारी शेताच्या वाइनच्या तळघरात उमेदीची सगळी वर्षं काढली होती, आधी पिंपं धुवायला आणि मग द्राक्षं गाळायच्या घाण्यावर. तिने दिराला समजावलं की खाण्याच्या द्राक्षाची साल पातळ, पोटात पाणी. नुसत्या गोडीची वाइन पिंपात झोपून जाते. वाइनला बारीक मणी लागतो, साल जाड लागते, आणि पिकल्यावरही मण्यात थोडा आंबटपणा उरावा लागतो. असा मणी मऊ काळ्या रानात मिळत नाही. वेलीला जरा उपाशी ठेवणारी, ऊन धरणारी दगडाची जागा हवी. हा उतार तसाच होता.

मग जात कुठली, यावर ती स्वतःशीच भांडली. वाइनच्या जातींत गावाचं प्रेम सापेरावी या काळ्या द्राक्षावर. तो मणी कापला तर गरसुद्धा लाल, बोटं चार दिवस रंगलेली. तिचाही जीव त्याच्यावरच होता. पण त्या शरदात ती रोज पहाटे उतारावर जाऊन गवताला हात लावून यायची. खाली गावात दव गोठायच्या कितीतरी आधी वर गवत पांढरं व्हायचं. सापेरावी उशिरा पिकतो. थंडी लवकर आलेल्या वर्षी त्याचा रस कसा दात आंबवतो हे तिने घाण्यावर चाखलं होतं.

"मग काय ठरलं?" मी विचारलं.

"रिस्लिंग," ती म्हणाली, जरा रागानेच. "मला लाल आवडते म्हणून डोंगर हिवाळा थांबवणार नाही, आचा."

रिस्लिंगचा मणी पांढरा, पण सापेरावीच्या आधी पिकणारा. पूर्वीच्या सरकारी शेतातल्या जुन्या रिस्लिंगची छाटणी चालू होती. तिथून तिने काड्या आणल्या, चुलीजवळ ओल्या वाळूत ठेवून मुळं फोडली आणि वसंतात लावल्या. लावल्याही तिरक्या. आमच्याकडे शरदात वेल जमिनीवर आडवी करून मातीखाली पुरावी लागते. सरळ उभी वाढलेली वेल वाकवताना मोडते.

होशूर तिला केलिन, म्हणजे घरची सून, म्हणायचा आणि ती त्याला अका, म्हणजे दादा. साऱ्या गल्लीसमोर त्याने तिला सांगितलं, "केलिन, एक हिवाळा देतो. वसंतात वेली जिवंत निघाल्या तर उतार तुझा. मेल्या तर माझी जर्दाळू, आणि मग रडायचं नाही."

"तुम्ही रडू नका म्हणजे झालं, अका."

पानं गळाल्यावर वेली पुरायला हशर जमली. ज्याचं काम मोठं त्याच्याकडे सगळं गाव जातं, तो फक्त जेवण घालतो. मी आणि रिज्वानगुल खाली कढईवर होतो. होशूरही कुदळ घेऊन आला. पैज आपल्या जागी आणि हशर आपल्या जागी, अशी त्याची रीत. हसत-खिदळत माणसांनी दुपारपर्यंत सगळ्या ओळी झाकल्या आणि शेवया-मटणावर तुटून पडली.

लोक गेल्यावर रिज्वानगुल वर गेली ती लवकर परतेना. मी पाहायला गेले. मातीचे वरंबे देखणे झाले होते. पण माती उचलली होती वेलीच्या बुडाशीच, गावातल्या खोल रानात उचलतात तशी. तिथे हातभर खणलं तरी मुळांना पत्ता लागत नाही. इथे टीचभर मातीखाली दगड. काड्या उबेत होत्या आणि मुळं उघडी पडली होती. ती गोठली म्हणजे संपलंच.

तिने कुणाला नाव ठेवलं नाही. उताराच्या पायथ्याला पावसाने वाहून आलेली माती साठलेली असते. ती गोणीत भरून, गाढवावर लादून तिने वेलींच्या बुडाशी पडलेले चर बुजवायला घेतले. तेही सर्वांत वरच्या ओळीपासून. मी म्हटलं, खालून सुरू कर, जास्त ओळी होतील. ती म्हणाली, खालच्यांच्या पोटात थोडी तरी माती आहे, वरच्यांना काहीच नाही. आणि थोड्याच वाचणार असतील, तर तिला वरच्या हव्या होत्या. ऊन तिथेच जास्त थांबतं.

संध्याकाळी ती अंगणात गाढव बांधत होती, तेव्हा होशूर भिंतीपलीकडून म्हणाला, "गाढवाला तरी विचारलंस का, त्याला वाइन आवडते का?"

"ते पीत नाही," ती म्हणाली. "तुमच्यासारखंच. पण काम करतं."

गाढव लंगडायला लागलं तेव्हा ती पाठीवर वाहू लागली. मीही जमेल तशी घमेली उचलली. अर्ध्या ओळी झाल्या आणि एका सकाळी पायथ्याची माती कुदळीला दाद देईना. थंडी आली होती, बर्फाशिवाय, कोरडी. रिज्वानगुल कुदळ खांद्यावर टाकून घरी आली.

वसंतात गावातली जर्दाळू फुलल्यावर वेली उघडल्या. होशूर गुडघ्यावर बसून एकेक काडी नखाने खरवडत गेला. वरच्या ओळींत सालीखाली ओलं हिरवं निघालं, एका वेलीआड एक नव्हे, सगळीकडे. खालच्या ओळींत सुकं तपकिरी. त्याने कुठेही खोटं केलं नाही. दोन ठिकाणी तर रिज्वानगुलने सोडून दिलेली काडी त्यानेच पुन्हा खरवडून पाहिली. त्या मेलेल्याच होत्या.

तो उठला, गुडघे झटकले. "अर्ध्या जिवंत, अर्ध्या मेल्या. आता माझा शब्द कुठे बसतो, तूच सांग."

मला वाटलं, ती आणखी एक हिवाळा मागेल.

"मधोमध बसतो," ती म्हणाली. "वरचा अर्धा माझा, खालचा तुमचा. पण शरदात वेली पुरायला माती मी तुमच्या अर्ध्यातून नेणार. दर वर्षी."

"म्हणजे जमीन माझी आणि माती तुझी? वा, केलिन. उद्या माझ्या झाडांच्या मुळाशी खणशील."

"मुळाशी खणल्यावर काय होतं ते तुमच्यापेक्षा मी जास्त पाहिलंय, अका."

हशरीत त्याचीही कुदळ चालली होती. त्याने दाढी खाजवली, उताराकडे पाहिलं आणि विचारलं, एवढ्याशा ओळींतून किती वाइन निघणार? तिने सांगितलं, पहिली काही वर्षं एक पिंपसुद्धा नाही. मेलेल्यांच्या जागेचं नुकसान ती वरच्या बाजूला, आणखी दगडात ओळी वाढवून भरणार होती. तिथे कुणी काही लावत नाही, तेव्हा कुणी मागणारही नाही.

"तिथे माती वाहायला दोन गाढवं लागतील," तो म्हणाला.

"एक तुमचं आहेच."

जर्दाळूचे खड्डे कुठून सुरू करायचे ते पाहायला तो खाली वळला, तेवढ्यात तिने त्याला थांबवलं. झाडं मोठी झाली की सावली वर वेलींवर येते, तेव्हा त्याने हद्दीलगत दोन ओळींची जागा मोकळी सोडायची. तो नंतर ठरवू म्हणेपर्यंत ती वाकली होती, आणि एकेक दगड उचलून हद्दीची रेघ मांडत निघाली होती.