कोसो, कोसेस, कोसे
"कोसेरो, कोसेरेस, कोसेरे," मामी म्हणाली आणि सुईत दोरा ओवला.

"चुकलं," मी म्हणाले.

"मग परत घे."

परतही तेच. मामी नाटकाचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं करते. कापणीच्या टेबलावर पुन्हा जागा रिकामी झाली होती आणि तिथली मुख्य शिंपीण फक्त स्पॅनिश बोलते. मागच्या खेपेला मामा दुभाषा म्हणून गेला. प्रश्न त्यालाच विचारले गेले, उत्तरं त्यानंच दिली, आणि जागा दुसरीला मिळाली.

"या वेळी मीच बोलणार," मामीनं जाहीर केलं होतं.

"तोंडघशी पडशील," मामा म्हणाला.

"पडले तर माझ्याच तोंडावर पडेन ना?"

म्हणून मी शिकवत होते. कोसेर म्हणजे शिवणे. शेवटचा 'एर' काढायचा आणि उरलेल्या 'कोस'ला ज्याचं त्याचं शेपूट जोडायचं. मी शिवते, कोसो. तू शिवतोस, कोसेस. पण मामी 'एर' काही सोडेना.

मी काम करते त्या प्रयोगशाळेत एक गोष्ट माझ्या अंगवळणी पडली आहे. चूक दर वेळी वेगळी असेल तर हात अस्थिर आहे. तीच ती असेल तर तिला कारण आहे. मी पाठ थांबवला आणि मामीला बाही कापताना बघत बसले. खडूची रेघ एकीकडे, कात्री दोन बोटं बाहेरून.

"रेघेवरच का नाही कापत?"

"आणि शिलाई कुठं मारू, हवेत? जोडायला कडेनं जास्तीचं कापड, माया ठेवावी लागते, बाई."

म्हणजे शेपूट जोडायला 'एर' शिल्लक ठेवून क्रियापदालाही ती माया ठेवत होती.

"माया न ठेवता काय कापतेस?"

"फेल्ट. लोकर दाबून केलेलं ते, कडेचे धागे सुटत नाहीत. कडेला कड भिडवायची."

"मग हे फेल्ट समज. 'एर' रेघेवर काप."

कात्री थांबली. "हे आधी सांगायला काय झालं होतं? कोसो. कोसेस. कोसे." जरा दम घेऊन, "कोसेमोस, कोसेइस, कोसेन."

मग ती सुटलीच. जिन्यात, नळाशी, भांडी घासताना तेच. खाणं म्हणजे कोमेर, एवढंच मी सांगितलं होतं. रात्री मामाच्या ताटात वाढताना म्हणाली, "तू कोमेस, यो कोसो."

"काय म्हणाली ही?"

"तू खातोस, ती शिवते," मी म्हणाले.

मुलाखतीला मामा आलाच, दारापाशी उभा राहिला. मुख्य शिंपिणीनं नमुन्याची बाही उचलली आणि सवयीनं त्याच्याकडे बघत विचारलं, ही कोण शिवतं? मामानं तोंड उघडलं.

"यो कोसो," मामी म्हणाली. मग मामाकडे बोट दाखवून, "एल नो कोसे." तो शिवत नाही.

शिंपीण हसली नाही. तिनं खुर्ची मामीकडे वळवली, टेबलावर कापड पसरलं आणि खडू पुढे केला. मामीनं रेघ आखली. कात्री दोन बोटं बाहेरून चालू लागली.

शिंपिणीनं मान डोलावली आणि पुढचा प्रश्न मामीला विचारला.