यादीत सापडलेला डॉक्टर

पत्र्याच्या छपराखालच्या बास्केटबॉलच्या मैदानावर त्या मंगळवारी चारशे माणसं तरी जमली होती आणि सगळी एका निळ्या टबाकडे बघत होती. टबात माझ्या धाकट्या बहिणीचे, सालुदचे, पाय होते. टबाच्या कडेला एक छोटं यंत्र गुरगुरत होतं. त्याची वायर पाण्यात बुडवलेल्या धातूच्या नळीपर्यंत गेली होती. शेजारी पांढरा कोट घातलेला, चाळिशीचा, तुकतुकीत चेहऱ्याचा माणूस उभा होता. मागच्या फलकावर त्याचा हातभर फोटो होता आणि खाली नाव : दोक युसेबियो रेलोर्कासा. डॉक्टरला आम्ही ‘दोक’च म्हणतो.

"मानाय, रोज काय खाता?" त्यानं सालुदला माइकवर विचारलं. मानाय म्हणजे ताई.

"भात, सुकी मासळी. रविवारी तळलेलं डुकराचं."

"ऐकलंत? तळलेलं! आता बघा, तीस वर्षांचं तळलेलं तळपायातून कसं बाहेर पडतं ते!"

त्यानं चिमूटभर पांढरी पूड पाण्यात टाकली. "जपानी खनिज," असं कुजबुजल्यासारखं, पण माइकवरच म्हणाला. पाणी फसफसलं. आधी फिकट पिवळं झालं, मग चहासारखं, मग गटारासारखं तपकिरी. वर काळे कण तरंगायला लागले. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"पिवळं ते यकृताचं. तपकिरी ते मूत्रपिंडाचं. आणि हे काळे कण? ही जुनी दुःखं, मानाय! नवऱ्यानं दिलेली!"

मैदान हसलं. सालुदही हसली. तिला सात वर्षांपासून साखरेचा आजार होता आणि उजव्या अंगठ्याला एक छोटी जखम झाली होती, ती भरत नव्हती.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "हा खरा डॉक्टर कशावरून?"

हा प्रश्न आमच्या गावात विचारला गेला, तो माझ्यामुळे. मी निवृत्त शिक्षक. शनिवारी माझ्या ओट्यावर पंधरा-वीस मुलं जमतात, त्यांना मी विज्ञान शिकवतो, आणि मोठ्यांना दोन वर्षं एकच सांगत होतो : डॉक्टरकडे जाण्याआधी इंटरनेटवरच्या यादीत त्याचं नाव बघा. कापितानांनी, म्हणजे आमच्या वस्तीच्या प्रमुखांनी, माइक थेट माझ्याच हातात दिला. "मास्तर, तुम्हीच बघा की! होऊन जाऊ दे."

मी फोन काढला, चष्मा लावला. आधी एक रंगीत यादी उघडली. तिथे याच माणसाचा हसरा फोटो होता, पाच तारे होते आणि दोनशे लोकांचे आभार होते. मग सरकारी नोंदणीची यादी उघडली. तिला ना रंग ना फोटो. मी नाव टाकलं. पडद्यावर चाक फिरलं आणि हिरवी अक्षरं आली.

"रेलोर्कासा, युसेबियो," मी खणखणीत आवाजात वाचलं. "व्यवसाय, वैद्यक. परवाना चालू आहे!"

टाळ्या पडल्या. दोकनं छातीवर हात ठेवून माझ्यापुढे मान लववली. "गावोगाव असे मास्तर हवेत," तो म्हणाला. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्या हिरव्या अक्षरांखाली आणखी दोन ओळी होत्या, त्या वाचायचं राहून गेलं.

त्या दिवसापासून रांग वाढतच गेली. भाताच्या शेतातून, नारळीच्या वाड्यांतून लोक यायचे आणि म्हणायचे, "मास्तरांनी तपासलाय." दोक कोणालाही औषध लिहून देत नसे. "मी शरीरातून काढतो, शरीरात घालत नाही," हे त्याचं वाक्य पोरांनाही पाठ झालं. सालुदला त्यानं साखरेच्या आजारावरच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या.

ती माझ्याकडे आली. "मानोय, गोळ्या खरंच बंद करू?" मानोय म्हणजे मोठा भाऊ. साठीतही ती मला तशीच हाक मारते.

मी तेव्हा मुलांसाठी कागदाची होडी दुमडत होतो. मान वर न करताच म्हणालो, "डॉक्टर सांगतोय ना? त्याला कळत असेल."

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात परत घेतलं, ते सांगता येणार नाही.

तीन आठवडे ती एक दिवसाआड टबात पाय घालून बसत होती. जखम अंगठ्यावरून शेजारच्या बोटापर्यंत गेली. दोक म्हणाला, "घाण बाहेर पडायचा रस्ता मोठा होतोय. उत्तम लक्षण!"

सालुदची नात जोव्ही अकरा वर्षांची आहे. आजीला मैदानावर तीच घेऊन जायची. मला ती लोलो, म्हणजे आजोबा, म्हणते आणि आजीला लोला. एका दुपारी ती माझ्या ओट्यावर आली आणि न बसताच म्हणाली, "लोलो, आज लोलाचा फोन वाजला. तिनं पाय बाहेर काढले. बोलली, चांगली पाच मिनिटं बोलली."

"बरं, मग?"

"पाणी तपकिरी होतच राहिलं. पाय बाहेर होते, तरी."

मी काय करायला हवं होतं? उठून चप्पल घालायला हवी होती. त्याऐवजी मी म्हणालो, "आधी निघालेली घाण पाण्यात हळूहळू विरघळत असेल, बाळा."

जोव्हीनं माझ्याकडे पाहिलं. फळ्यावरचं गणित मीच चुकलो की मुलं बघतात तसं. "तुम्हाला खरंच असं वाटतं?" एवढंच विचारून ती गेली.

दोन दिवसांनी परत आली ती पिशवी घेऊन. पिशवीतून तिनं एक जुनी नळी काढली. टबात असायची तसलीच. एका बाजूनं झिजून पापडासारखी पातळ झालेली, खरखरीत, गंजलेली. "ही मैदानामागच्या कचऱ्यात होती. तिथं अशा सहा आहेत. दोक आठवड्यातून दोनदा बदलतो." मग तिनं काचेचा पेला काढला, पाणी ओतलं, चमचाभर मीठ घातलं. दोन लोखंडी खिळे तारांनी बॅटरीच्या दोन टोकांना जोडले आणि पाण्यात सोडले. आम्ही दोघं बघत राहिलो. एका खिळ्याभोवती बुडबुडे आले, आणि थोड्या वेळानं दुसऱ्याभोवती पिवळट ढग उतरायला लागला. मग तो तपकिरी झाला.

"हा प्रयोग तुम्हीच शिकवलात, लोलो. गेल्या वर्षी. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. या पेल्यात कोणाचे पाय आहेत?"

"आणि तो यादीत सापडला त्याचं काय?" मी विचारलं. खरं तर स्वतःलाच विचारलं.

"मीही बघितलं आईच्या फोनवर," जोव्ही म्हणाली. "शेवटपर्यंत खाली सरकवा."

मी फोन काढला. तेच नाव, तीच हिरवी अक्षरं. खाली नोंदणीचं वर्ष : एकोणीसशे एकाहत्तर. तेव्हा मैदानावरचा हा चाळिशीचा माणूस जन्मलाही नसेल.

आमच्या गावात जवळजवळ सगळी आडनावं ‘र’नं सुरू होतात. फार पूर्वी स्पॅनिश राज्यकर्त्यांनी आडनावांची एक मोठी यादी गावोगाव वाटली, तेव्हा आमच्या वाट्याला एकाच अक्षराची पानं आली. नावंही ठरावीकच, सगळी संतांची. त्यामुळे एका नावाची चार माणसं हे इथे नेहमीचंच. माझ्या एकाच वर्गात तीन रोसारियो रान्योला होत्या. मी हजेरीपटात प्रत्येकीपुढे जन्मतारीख लिहायचो, एकीचे गुण दुसरीला जाऊ नयेत म्हणून. अडतीस वर्षं हे केलं. आणि मैदानावर ‘र’चं आडनाव ऐकून मला वाटलं, आपलाच माणूस. यादीत नाव आहे एवढंच बघितलं. ते नाव या माणसाचं आहे का, हे बघितलंच नाही.

आम्ही तसेच निघालो. वाटेत जोव्हीनं मंडईतून दोन रताळी घेतली.

मैदानावर नेहमीसारखी गर्दी होती. सालुद रांगेत बाकावर बसली होती, पाय फडक्यात गुंडाळलेला. मी माइक मागितला. दोकनं आनंदानं दिला.

"दोक, आज या पोरीचा एक पेशंट तपासा," मी म्हणालो.

"हो हो! कुठाय पेशंट?"

जोव्हीनं ताज्या पाण्याच्या टबात दोन रताळी सोडली. लोक हसले. दोकही हसला, पण उशिरानं. "मुली, हे यंत्र माणसांसाठी आहे."

"मग रताळ्यांवर चालणारच नाही, दोक. चालवून बघू या ना."

"वेळ नाही. लोक थांबलेत."

"आम्हाला घाई नाही!" रांगेतून एक म्हातारी ओरडली. "लाव रे बटन!"

बटण कापितानांनीच दाबलं. चिमूटभर जपानी खनिज जोव्हीनं टाकलं आणि बोट चाटून म्हणाली, "खारट आहे. आमच्या स्वयंपाकघरात पण आहे." यंत्र गुरगुरलं. पाणी पिवळं झालं, मग चहासारखं, मग तपकिरी. काळे कण वर आले.

"अगं बाई," ती म्हातारी म्हणाली, "रताळ्यालाही नवऱ्यानं छळलंय!"

मैदानावर असा हशा उठला की छपरातली कबुतरं उडाली. जोव्हीनं झिजलेली नळी वर धरली. "घाण पायातून येत नाही. यातून येते. हा गंज आहे."

"दोक," मी विचारलं, "यादीतल्या युसेबियो रेलोर्कासांना परवाना मिळून पन्नास वर्षं उलटून गेली. तुमचं वय किती?"

"मी... दिसतो त्यापेक्षा मोठा आहे."

"मग ओळखपत्र दाखवा. तुमच्या परवान्याचा नंबर सांगा, मी आत्ता टाकून बघतो."

"हॉटेलवर राहिलंय."

"खरा डॉक्टर औषध लिहितो त्या प्रत्येक चिठ्ठीखाली तो नंबर असतो. म्हणूनच तुम्ही कधी चिठ्ठी लिहिली नाहीत का?"

तो कोटाची बटणं काढायला लागला. कापितानांनी मैदानाचं फाटक लावून पोलिसांना बोलावलं. पुढे कळलं, खरे दोक रेलोर्कासा दुसऱ्या बेटावर राहणारे ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ होते. आपल्या नावानं कोण फिरतंय याचा त्यांना पत्ताही नव्हता. रंगीत यादीतले दोनशे आभार एकाच आठवड्यात लिहिलेले होते. त्या यादीत पैसे भरून कोणीही स्वतःचं दुकान मांडू शकतो.

लोक मला शाबासकी देत होते. मी त्यांच्यातून वाट काढत सालुदकडे गेलो आणि फडकं सोडलं. दोन बोटं काळी पडली होती.

जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. शल्यचिकित्सक एक बाई होत्या, डॉक्टर बाल्देमोर. त्यांनी पाय बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तीन आठवडे? साखरेच्या गोळ्याही बंद?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, दोन्ही बोटं काढावी लागतील. आणखी आठवडा गेला असता तर सगळा पाय.

त्या कागद आणायला गेल्या, तेव्हा सालुद हळूच म्हणाली, "मानोय, तुला एक सांगू? त्या दोकवर माझा विश्वास नव्हताच. त्याच्या अंगाला अत्तराचा फार वास यायचा. तू वाचलंस म्हणून मी बसले."

मी ‘माफ कर’ म्हणालो. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

कागद आले. सहीची वेळ आली. सालुदनं पेन बाजूला ठेवलं. "आधी या बाईंना तपासायचं."

मी दचकलो. बाईंना राग येईल असं वाटलं. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून पलंगावर ठेवलं. "हा फोटो, हा नंबर. सावकाश बघा. कोणी विचारतच नाही, हीच पंचाईत आहे."

मी फोन उघडून नंबर टाकला आणि वाचायला तोंड उघडलं. मग थांबलो, आणि फोन सालुदच्या हातात दिला. चष्माही दिला.

"तू वाच," मी म्हणालो. "मी वाचून दाखवलं की तू ऐकतेस. तिथंच घोटाळा झाला."

तिला वेळ लागला. डोळे बारीक करून, बोट पडद्यावर ठेवून, ती एकेक ओळ वाचत गेली. "बाल्देमोर. नाव जुळतंय. नंबर जुळतोय. नोंदणी दोन हजार नऊ, म्हणजे वयही जुळतंय. परवाना पुढच्या वर्षापर्यंत आहे." मग ओळखपत्र उचलून त्यावरचा फोटो बाईंच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि म्हणाली, "तुम्ही फोटोत जाड दिसता." बाई हसल्या. सालुदनं सही केली.

मुलांनो, शनिवारी ओट्यावर आलात की मी तुम्हाला यादी कशी उघडायची ते दाखवीन. नाव बघा, नंबर बघा, वर्ष बघा, आणि समोर उभा आहे तो माणूस तोच आहे का ते बघा. तो म्हणाला की तुमची रोजची औषधं बंद करा, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका. आणि एखादा मास्तर माइकवर येऊन ‘मी तपासलंय’ म्हणाला, तर टाळ्या वाजवू नका. त्याच्या हातातला फोन मागून घ्या आणि स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तो मास्तर मी असलो, तरीही.