दाढ काढल्यावर

दाढ काढून तीन तास झाले तरी रक्त थांबेना. कपड्यांच्या कारखान्यात शर्टांचं कापड बेतणारी, म्हणून सगळ्यांची मास्तरीण, ती परत दातांच्या डॉक्टरबाईंच्या खुर्चीत येऊन बसली. बाईंनी टाके घातले, नवा बोळा घट्ट चावून धरायला सांगितला आणि विचारलं, "पाळीत फार जातं का?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"अंगावर उगाच काळेनिळे डाग? घरात आणखी कुणाला?"

तिनं कागद ओढून लिहिलं: आईला, धाकट्या बहिणीला. आमच्याकडे असंच असतं.

"असंच नसतं," बाई म्हणाल्या. "रक्त गोठवणारं काहीतरी कमी असावं. तपासणी होईपर्यंत घरात कुणाच्या अंगाला सुरी लागू देऊ नका."

मास्तरणीनं घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा वाजले होते. बाराला धाकटीचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं.

तिनं दवाखान्यात बसलेल्या आईला फोन लावला. बोळ्यामुळे शब्दांचा नुसता चिखल.

"काय पुटपुटतेस? तिला आत नेलंय. ठेव आता."

बोळा काढावा तर तोंड भरून येत होतं. तिनं फोन बाईंच्या हातात कोंबला. बाईंनी तो स्पीकरवर टाकून दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"अहो, आमच्या सगळ्याच बायकांचं जास्त जातं," आई म्हणाली. "माझी आई तर बाळंतपणात..." आणि तिथेच अडली.

मग फोनमधून चपलांचा आवाज आला, भरभर. दार ठोठावल्याचा.

"आत जाता येणार नाही," कुणीतरी म्हणालं.

"मग डॉक्टरांना बाहेर बोलवा. नाहीतर मी इथून हलत नाही."

डॉक्टरांपुढे जन्मात मान वर करून न बोललेली आई. गिळलं की लोखंडाची चव. फोनमध्ये बराच वेळ नुसती खरखर.

"भूल द्यायच्या बेतात होते," शेवटी आईचा आवाज आला, धापा टाकत. "डॉक्टर तणतणतायत माझ्यावर. तणतणू देत. तिचं रक्त तपासायला घेतलंय."

आठवड्याभरानं तिघींचे अहवाल आले. दोष एकच, आईकडून मुलींकडे आलेला. महिन्यानं आधी औषध टोचून धाकटीचं ऑपरेशन झालं, नीट झालं.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर आई मास्तरणीला खेटून बसली होती. म्हणाली, "माझ्या आईला सगळे नाजूक म्हणायचे. नाजूक कसली गं. कुणी विचारलंच नाही तिला."