खरबुजांना न घातलेली वीट

मी एक जुनी कच्ची वीट आहे. भट्टी मी पाहिलेली नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. तेराशे वर्षांपूर्वी झरफशान नदीकाठी मला उन्हात वाळत घातलं होतं, तेव्हा एक कुत्रं माझ्यावरून चालत गेलं. त्याच्या पंजाचा ठसा अजून माझ्या अंगावर आहे. पुढे मी एका भिंतीत बसले. घर उभं राहिलं, नांदलं, पडलं आणि त्याचं टेकाड झालं.

मित्रांनो, टेकाडाला कुणी मान देत नाही. जुनी माती घातली की खरबूज गोड होतं, हे गावाला कळलं आणि गावानं आमचं घर गाड्या भरभरून शेतात नेलं. खरबुजं गोड झाली, हे मान्य.

शेवटची एक भिंत उरली, तेव्हा शाळेची मुलं उत्खनन शिकायला आली. त्यांतली दहावीची सदबर्ग भिंतीपाशी थांबली होती. गुरुजी संग्रहालयाची माणसं आणायला शहरात गेले होते. नेमका तेव्हाच तिचा काका तोलिब ट्रॅक्टर घेऊन आला.

"काका, थांबा. ही भिंत आहे."

"माती आहे. हो बाजूला."

"हा पंजा बघा. केवढा जुना आहे."

"शेजारचं कुत्रं काल फिरलं असेल. हवी तर ने ती वीट घरी. त्यालाच दाखव."

सदबर्गनं माझ्याखाली खणायची लोखंडी करणी घातली. खरं सांगते, ट्रॅक्टरला मी घाबरले नव्हते. करणीला घाबरले. जागेवर आहे तोवर मी साक्षीदार. उचललं की नुसतं ढेकूळ.

ती थबकली. करणी काढून तिनं ब्रश घेतला, आमची अख्खी रांग झाडली, वर पाणी शिंपडलं. सांधे दिसू लागले.

"काका, तुम्ही गवंडी ना? मग हे बघा."

तोलिब कुरकुरत उतरला. त्यानं सांध्यावरून बोट फिरवलं, मग वरच्या रांगेवरून.

"सांध्यावर सांधा कुठेच नाही, प्रत्येक वीट खालच्या दोन विटांवर बसलेली," तो म्हणाला. "लावणाऱ्याला काम येत होतं. तुझ्या बापापेक्षा बरंच."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या गवंड्याचं काम मी नाही पाडणार. खरबुजांना यंदा शेणखत घालतो."

तेव्हा मित्रांनो, मला शाळेच्या कपाटात ठेवू नका. मजबुतीसाठी सिमेंट फासू नका. मोजा, चित्र काढा, माझ्या शेजारी कोण आहे ते लिहा आणि पावसाआधी मला पुन्हा मातीनं झाका. माझी कीव मात्र करू नका. तेराशे वर्षांत मी जागा सोडलेली नाही. तुम्ही ती सोडायला लावू नका, एवढंच.