उजवा हात दादाचा

झटका आला तेव्हा दादा नाटकाच्या आठ चाली बांधून बसला होता. आठही त्याने गुणगुणून मोबाइलवर टिपून ठेवल्या होत्या, पण गिटारवर रेकॉर्ड झाली नव्हती एकही. डावा हात आणि डावा पाय त्या सकाळी गेला तो गेलाच. वाचा वाचली, जरा जड झाली एवढंच.

दहाव्या दिवशी दिग्दर्शिकाबाईंचा फोन आला. दादाची वीस वर्षांपासूनची मैत्रीण. फोन धाकटीने घेतला. तिला सगळे धाकटीच म्हणत, चाळिशी उलटली तरी. दादा गिटार वाजवायचा आणि बाकीची वाद्यं ती कीबोर्डवर उभी करायची, अशी दोघा भावंडांची जोडी होती.

वहिनी समोर हात जोडून उभी राहिली. ओठांनीच म्हणाली, "सांगू नकोस. हे काम गेलं तर हे उठायचेच नाहीत."

"दादा ना? वाजवतोय की," धाकटी फोनवर म्हणाली. "सर्दीने आवाज बसलाय, म्हणून मी बोलतेय."

"मग सोळा दिवसांनी ऐकायला येते," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी डोक्याला ताण नको असं बजावलं होतं, म्हणून दादाला सांगितलं की नाटक पुढे गेलंय. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या अरुंद कठड्यावर धाकटी उभी.

दुसरा गिटारवाला बोलवावा तर बातमी बाहेर फुटणार. उरलं सॉफ्टवेअर. कुणा वादकाने एकेक सूर वाजवून ठेवलेला असतो, आपण कीबोर्डची पट्टी दाबली की तो वाजतो. आयुष्यभर तिने बासऱ्या आणि व्हायोलिनं अशीच वाजवली होती. गिटारला मात्र कधी हात लावला नव्हता, कारण गिटार घरात होती.

पहिलं सॉफ्टवेअर तिने आवाजावर भाळून घेतलं. नायलॉनच्या तारेचा सूर असा गोड, की ऐकत राहावं. पण ते एवढं अवजड होतं की चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या चार जुळण्या, झाल्या की तिचा संगणक घोरायला लागे आणि पाचवीला मान टाके. तीन दिवस त्यात गेले. दुसरं अगदी उलटं. त्यात ताल तयार मिळत होते, बोट ठेवलं की गिटार आपली आपण झणझणायला लागायची. पण ती साबणाच्या जाहिरातीसारखी वाजायची. दादाची चाल अडखळत, थबकत चालणारी होती, आणि हे यंत्र कुठेच अडखळायला तयार नव्हतं.

तिसरं साधं होतं. डाव्या बाजूच्या पट्ट्यांवर कॉर्ड धरायची आणि उजव्या बाजूच्या पट्ट्यांवर तारा छेडायच्या. एका पट्टीवर खाली जाणारा झणकारा, दुसरीवर वर येणारा, तिसरीवर तळव्याने दाबलेला, आणि पुढे एकेका तारेला एकेक पट्टी. पट्टी हळू दाबली की सूर हळू, जोरात दाबली की खरखरीत. हेच घ्यायचं तिने ठरवलं. सहा दिवस सूर पुढेमागे सरकवले, कमीजास्त केले, मुद्दाम चुका पेरल्या. तरी ऐकलं की वाटे, गिटारचा झगा घातलेला पियानोच बसलाय. नाकी नऊ आले. 

फोननंतर बाराव्या दिवशी दुपारी वहिनी औषधं आणायला गेली होती. धाकटीच्या पाठीमागे काठी वाजली. चार पायांची काठी, मग ओढत येणारा पाय, मग पुन्हा काठी. पलंगापासून या खोलीपर्यंत बारा पावलं होती, आणि दादा ती पहिल्यांदाच एकटा चालून आला होता.

"ही माझी तिसरी चाल आहे," तो दाराला टेकून म्हणाला.

तिने दचकून पट्ट्यांवरून हात काढला. "जाहिरातीचं काम आहे, दादा. मला आवडली म्हणून..."

"भिंत आहे, तिजोरी नाही. सहा दिवस ऐकतोय मी. नाटक पुढे गेलेलं नाही ना?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"आणि मी वाजवतोय असं सांगितलंयस आमच्या दिग्दर्शिकेला." तो धापा टाकत होता. "मी अजून मेलो नाही गं. निदान मरेपर्यंत तरी थांबायचंस."

"मग काय करू?" ती ओरडलीच. "तू सांग काय करू! रोज पहाटे उठून मी तुला शोधतेय यात. सापडत नाहीयेस तू!"

एवढं बोलून तिने कीबोर्डवरच डोकं टेकलं. दहाबारा पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या आणि यंत्राने एक भलताच झणकारा काढला. दादा उभा राहून थकला होता. तो भिंतीला धरत आला आणि तिच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत धपकन बसला. पडद्यावर मांडलेल्या तिच्या कॉर्डवरून त्याने नजर फिरवली.

"सहा तारा असतात," तो शेवटी म्हणाला. "तू सातवी कुठून आणलीस?"

"म्हणजे?"

"ही कॉर्ड कुणाच्या बापाला धरता येणार नाही. इथून इथे बोट पोचत नाही. हा सूर काढ. तो खाली घे. आता धरून ठेव."

तिने कॉर्ड धरली. दादाने उजवा हात उचलला आणि पट्ट्यांवर आणला. पहिला झणकारा उशिरा आला, दुसरा फार जोरात. त्याने शिवी हासडली. मग डोळे मिटले, मनगट सैल सोडलं, आणि खाली, खाली, वर, थबकून पुन्हा वर असं वाजवलं. तोच. किंचित मागे रेललेला, दारात थांबून मग आत येणाऱ्या माणसासारखा. गेले बारा दिवस ती ज्याला शोधत होती तो.

धाकटीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण कॉर्ड तिने सोडली नाही.

चार दिवस दोघं तसेच बसले. डावा हात तिचा, उजवा दादाचा. वहिनीने आधी डोक्याला हात लावला, मग दादाच्या पाठीला उशी दिली. दहा मिनिटं वाजवलं की त्याचा दम संपायचा, अर्धा तास पडून राहावं लागायचं. एकदा तो खुर्चीतून घसरला आणि दोघींनी मिळून उचलला. पण रोज दोन चाली झाल्या. चौथ्या दिवशी आठवी संपली.

बाई आल्या. दारातच त्यांना काठी दिसली, मग दादा दिसला, मग दादाचा हात. चपला न काढताच त्या आत आल्या.

"मला का नाही सांगितलंत?" त्या धाकटीला म्हणाल्या. "एवढी परकी आहे का मी?"

धाकटीने चाली लावल्या. बाईंनी आठही ऐकल्या, मान खाली घालून, एकदाही न थांबवता. मग दादाकडे पाहिलं.

"खरं सांगू?"

"खोटं बरंच झालंय या घरात," दादा म्हणाला.

"पाचवी तुझी आहे. बाकीच्यांत... हात तुझाच आहे, कळतो मला. पण तार नाही रे. रंगमंचावर जिवंत नट बोलणार, त्यांच्यामागे हे कोरडं वाजेल. सात मी दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेते. चाली तुझ्याच राहतील."

धाकटी काहीतरी बोलायला गेली. दादाने हात वर केला. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. बाई गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून रडला. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला रात्री धाकटी एकटी गेली. पाचवी चाल अंधारात वाजली, प्रवेश बदलताना रंगमंचावरचा पलंग आणि दोन खुर्च्या हलवत होते तेव्हा. शेजारच्या खुर्चीतली एक प्रेक्षक पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

घरी आली तर दादा जागाच होता.

"कुठे लावलीय?"

"सामान हलवतात तिथे."

"पुरली का?"

"पुरली. दोन मिनिटं लागतात."

त्याने मान डोलावली. मग विचारलं, "बाकीच्या सात वाजवणारा कसा आहे?"

बरा आहे, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले.

"चांगला आहे, दादा. खूप चांगला आहे."

दादा छताकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती उठायला लागली तेव्हा तो म्हणाला, "तो हात उचलून उशीवर ठेव जरा. लोंबतोय."

तिने त्याचा डावा हात दोन्ही हातांनी उचलला आणि उशीवर ठेवला. तारा दाबून दाबून चारही बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे एव्हाना मऊ व्हायला लागले होते.