आयत्या वेळचं वाजवणं

आमची वहिनी चेलो वाजवते. चेलो म्हणजे व्हायोलिनचा ढेरपोट्या थोरला भाऊ, खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात तिची वीसेक वर्षं गेली. समोर नोटेशन, हातवारे करणारा संचालक, पगार वेळेवर. आणि बाईंनी ती नोकरी सोडली! का, तर म्हणे तिघा जणांच्या एका ग्रुपमध्ये जायचंय. ते कागद ठेवत नाहीत, आयत्या वेळी सुचेल ते वाजवतात. दादानं तर कपाळाला हात लावला.

बरं, त्यांनीही हिला घेतलेलं नव्हतं. "एक कार्यक्रम आमच्याबरोबर वाजवा, मग ठरवू," असं त्यांच्यातल्या पियानोवाल्यानं सांगितलेलं. म्हणजे नाही म्हणाले तर इकडचीही नाही आणि तिकडचीही नाही.

मग हिनं काय करावं? आयत्या वेळचं वाजवणं आधीच लिहून काढलं आणि घोटायला बसली! ती वर राहते, आणि तिच्या बरोब्बर खाली माझं केस कापायचं दुकान. महिनाभर वरून तीच संथ, रडवेली धून. माझी कात्रीसुद्धा त्या लयीत चालायला लागली. केस रंगवायला येणाऱ्या बँकेतल्या बाई ती गुणगुणत घरी जायच्या. शेवटी मी तणतणत वर गेले.

"वहिनी, आयत्या वेळचं ना ते? मग महिनाभर काय घोटतेस?"

"तू गप गं! स्टेजवर काही सुचलंच नाही तर?"

एवढी मुरलेली बाई, पण चेहरा पांढराफटक पडला होता. मी खाली येऊन पुन्हा कात्री हातात घेतली.

कार्यक्रमाला मी आणि बँकेतल्या बाई दुसऱ्या रांगेत बसलो. ट्रंपेटवाल्या पठ्ठ्यानं सुरुवातच केली ती धावतपळत, खोडकर. वहिनीची रडवेली धून त्यात कुठे बसणार? ट्रंपेट थांबला, तिला वाव दिला. तिनं गज तारांवर टेकवला, उचलला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. पियानोवाला टक लावून बघत होता.

"विसरल्या की काय हो?" बाई कुजबुजल्या.

मला राहवेना. मी चक्क धुनेची पहिली ओळ गुणगुणून दाखवली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरांना आठवण करून देतात तशी. अख्ख्या हॉलला ऐकू गेली. वहिनीनं माझ्याकडे डोळे वटारले आणि तिला हसूच फुटलं. स्टेजवर, सगळ्यांसमोर!

हसता हसताच तिनं बोटानं तार छेडली. टण्! ड्रमवालीनं लगेच तिला तसंच उत्तर दिलं. वहिनीनं पुन्हा छेडली, जरा चढ्या आवाजात. मग गज जो सुटला! तिनं ट्रंपेटशी भांडण काय काढलं, पियानोची नक्कल काय केली, मध्येच एक सूर इतका हळुवार लावला की मी खुर्चीच्या टोकावर येऊन बसले. महिनाभर ऐकलेलं त्यात काही म्हणजे काही नव्हतं.

शेवटी पियानोवाला उठून म्हणाला, "चेलोवर होत्या आमच्या नव्या सहकारी." मी इतक्या टाळ्या पिटल्या की बांगडी फुटायची राहिली.

वहिनी घामाघूम होऊन खाली आली. "कसं झालं गं?"

"वहिनी, इतकी वर्षं तुझ्या खाली दुकान चालवते, पण तुला आज पहिल्यांदा ऐकलं," मी म्हटलं, आणि भर हॉलमध्ये भोकाड पसरलं.