रंगाखाली गेलेला नंबर

मित्रांनो, मी एक जुना डिझेल ऑटो आहे. आमच्या अमरावतीत मला रिक्षा कोणी म्हणत नाही, ऑटोच म्हणतात. वय पंधरा वर्षे. माझ्या वयाचे बहुतेक भाऊबंद कुठेतरी गंजून पडले आहेत. माझ्या अंगावर मात्र तुम्हाला गंजाचा ठिपकाही सापडणार नाही. पूर्वी कोणी तसं बोलून दाखवलं की मी फुशारून जायचो. आता तेच कौतुक ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. असं का, ते सांगतो.

माझे मालक डोमाजी. मला घरी आणण्याआधी ते दुसऱ्याचा ऑटो भाड्याने चालवत. मी आलो त्या दिवशी त्यांच्या पत्नी पंचफुलाबाईंनी गल्लीभर बर्फी वाटली. पहिले आठ दिवस डोमाजी सीटवर कोणाला पायसुद्धा ठेवू देत नव्हते, आणि पंचफुलाबाई त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा करत. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांना सकाळी पंचवटी चौकातून न्यायचं आणि सुटी झाली की परत आणायचं, हे आमचं काम. भर पावसात वा उन्हाळ्यात मी कधी त्यांना वाटेत उतरवलं नाही.

डोमाजींचा एक नेम होता. चौदा एप्रिलच्या जयंतीला गाडी नवीकोरी दिसलीच पाहिजे. आठ दिवस आधी ते मला दारात उभं करत आणि स्वतः ब्रश घेऊन बसत. वरचं अंग नियमाप्रमाणे काळंपिवळं. पण खालचा लोखंडी सांगाडा कोण पाहतो? तिथे त्यांची मर्जी चाले. सांगाड्याला ते निळा ऑइलपेंट देत. आधीचा रंग खरवडत बसायचं नाही, त्याच्यावरच नवा हात. मला तर गुदगुल्या व्हायच्या. मिरवणुकीत गल्लीतली पोरंटोरं माझ्यात कोंबून बसली की मी नवरदेवासारखा मिरवायचो. अशी चौदा वर्षे गेली आणि रंगाचे चौदा हात बसले. डोमाजींच्या पायापाशी, सांगाड्यावर ठोकलेला माझा चासी नंबर त्या रंगाखाली हळूहळू बुजत गेला. ते ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

दोन वर्षांपूर्वी डोमाजींना खोकला लागला. आधी वाटलं, ऋतू बदलला म्हणून असेल. पण तो जाईना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि साफ सांगितलं की धुरात बसणं सोडा, नाहीतर ही छाती फार दिवस साथ देणार नाही. आता तुम्हीच सांगा, धूर कोणाचा होता? माझाच. इतकी वर्षे त्यांनी मला जपलं आणि मी त्यांना काय दिलं, हे मला त्या दिवशी कळलं. बसून राहावं तर दुसरं काम त्यांना येत नव्हतं.

तेव्हा साधना मदतीला आली. ती कारखान्यात शिवणकामाला जाणारी, माझ्यातली रोजची सवारी. तिने आठ दिवस मोबाइलवर शोध घेतला, दोन दुकानांत चौकशी केली आणि एका सकाळी डोमाजींच्या शेजारी येऊन बसली.

"काका, तुमी या धुरात कावून जीव देऊन राहिले?" ती म्हणाली. "विजेच्या ऑटोवर सूट भेटते. जुना ऑटो मोडीत द्या लागते आन् त्याचा दाखला दुकानात दाखवा लागते. बस, एवढंच."

त्या सवलतीशिवाय नवी गाडी डोमाजींच्या आवाक्यात नव्हती. सवलतीसह होती. त्यांनी मला चौकापार नेलं. मग विचारलं, "मंग याले तोडतीन?" साधना हो म्हणाली. खरं सांगतो मित्रांनो, मला भीती वाटली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. विजेच्या ऑटोत बसून मोकळा श्वास घेणारे डोमाजी मला दिसू लागले.

साधनाने अर्ज भरला. सूट संपायला सहा दिवस उरले होते. मोडणी केंद्र अकोल्याच्या बाजूला. तिथे सांगाड्यावरच्या नंबरची छाप घेतात. नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे उमटतात. डोमाजींनी घरी करून पाहिलं, तर कागदावर नुसते उंचवटे आले. साधनाने बजावलं होतं की थिनर लावा, चिंधीने पुसा, पुन्हा लावा, घाई करू नका. पण डोमाजींना धीर कुठला! शेवटच्या वेळी जाताना गाडी स्वच्छ दिसावी, नंबर कसा लखलखीत दिसावा, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी मला वेल्डिंगच्या दुकानात नेलं आणि रंग काढायचं मशीन फिरवायला लावलं. ठिणग्या उडाल्या. चौदा वर्षांचा रंग दोन मिनिटांत गेला आणि त्याच्याबरोबर शेवटचे तीन आकडेही गेले. मला ओरडता आलं असतं तर मी सारी गल्ली गोळा केली असती.

तरीही आम्ही निघालो. पंचफुलाबाईही सोबत होत्या. त्यांनी माझ्या हँडलला झेंडूचा हार घातला होता. केंद्रातल्या माणसाने कागदपत्रं पाहिली, खाली वाकून नंबर पाहिला आणि उठला.

"काका, नंबर घासलेला हाये. अशी गाडी मले घेता येत नाही," तो म्हणाला. "घासलेल्या नंबराची गाडी चोरीची समजतात."

डोमाजींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी गाडीच्या नोंदणीचं पुस्तक पुढे केलं, पंधरा वर्षांचा एकच मालक दाखवला. तो माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी दिलं, नंबर पुन्हा ठोकून घेण्यासाठी कुठे अर्ज करायचा तेही समजावून सांगितलं. पण त्या अर्जाला तपासणी, शपथपत्र, सही असं सगळं लागणार होतं. डोमाजी म्हणाले, "म्या तं त्याले चांगलं दिसावं म्हून केलं, बापू." आणि आम्ही परत फिरलो. हार हँडलवर तसाच होता.

नंबर पुन्हा ठोकून मिळाला, पण अडीच महिन्यांनी. तोवर सूट बंद झाली होती. साधना अजून शोधते आहे. पुन्हा अशी सवलत निघाली तर पहिला अर्ज काकांचा, असं तिने सांगून ठेवलं आहे. मधल्या काळात माझी वयाची तपासणी झाली. आरटीओच्या साहेबांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, धूर मोजला, आणि इतकी नीट ठेवलेली जुनी गाडी आपण पाहिली नाही म्हणून डोमाजींची पाठ थोपटली. मी पास झालो, आणखी काही वर्षांसाठी. उभ्या आयुष्यात मला कशाची इतकी लाज वाटली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी धूर ओकणारा म्हातारा असेल. तुमच्या आईवडिलांना एवढं सांगा, की त्याचा नंबर आजच वाचून पाहा, कागदपत्रं एका जागी ठेवा, आणि सवलत कुठे मिळते ते मुदत संपायच्या आत विचारा. त्याच्यावर माया असेल तर त्याला वेळेवर जाऊ द्या. आम्ही लोखंडाची माणसं, आम्हाला मोडल्याचं दुःख होत नाही.

माझं म्हणाल तर मी रोज सकाळी मनाशी ठरवतो की आज सुरू व्हायचं नाही. पंचफुलाबाई रुमाल आणून देतात, डोमाजी तो नाकातोंडाला बांधतात आणि चावी फिरवतात. पण त्यांनी माझं इंजिन इतकं जपलं आहे की मला अडून बसणंसुद्धा जमत नाही. आज सकाळीही पहिल्याच चावीला मी सुरू झालो. धूर निघाला. डोमाजी हँडलवर वाकून बराच वेळ खोकले, आणि दम परत आल्यावर माझ्या अंगावर हात फिरवून म्हणाले, "शाब्बास रे, माह्या लेकरा."